सतराव्या धड्यातली चार मिनिटं

"हेमा, पोरगी हाकंला वळत न्हाई गं."

आत्या हे म्हणाल्या तेव्हा जुई अकरा महिन्यांची होती आणि मी तिच्या झबल्यांच्या घड्या घालत होते. सासूला आमच्या पाटणकडे आत्या म्हणायची पद्धत आहे. माझ्या आत्या बत्तीस वर्षं अंगणवाडीच्या सेविका होत्या. पाटण तालुक्यातली निम्मी पोरं त्यांच्या वजनकाट्याला लोंबकळून मोठी झालेली. पण मी बी.एस्सी. होते, कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते आणि बाळांच्या वाढीबद्दल इंटरनेटवर जे जे मिळेल ते वाचत होते. मी म्हटलं, प्रत्येक मुलाचा वेग वेगळा असतो, आत्या.

आत्या गेल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या. म्हणून मग मी सिद्ध करून दाखवायचं ठरवलं. मांडणीवरचं स्टीलचं ताट घेतलं, जुई पाठमोरी बसली होती तिच्या मागे गेले आणि ते शहाबादी फरशीवर टाकलं. जुई दचकली. मान वळवून माझ्याकडे बघायला लागली.

"वळली की," मी म्हटलं.

"फरशी हादरली म्हणून वळली. ताट हातात धरून वाजव."

मी वाजवलं नाही. ताट उचललं, पुसलं आणि मांडणीवर ठेवून दिलं.

पुढे सव्वा वर्षाने कराडच्या डॉक्टरांनी जुईच्या डोक्याला वायरी लावून तपासणी केली आणि स्कॅन बघून सांगितलं, की दोन्ही कानांकडून मेंदूला जाणारी नसच नीट वाढलेली नाही. यंत्राने थोडाफार फरक पडेल, शस्त्रक्रियेचा उपयोग होणार नाही. अजून आधी आणायला हवं होतं, एवढं ते म्हणाले. येताना एस.टी.त मी जुईला मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होते. आत्या शेजारी होत्या. आता त्या काहीतरी म्हणतील, निदान एकदा तरी म्हणतील, याची मी पाटण येईपर्यंत वाट बघितली. त्यांनी पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून अर्धा जुईला दिला आणि उरलेला अर्धा मला.

पुढेही कितीतरी महिने त्या काही म्हणाल्या नाहीत. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

मी मात्र चंग बांधला. जुई बोलणार. कुठेतरी वाचलं होतं, की अशा मुलांना खुणा शिकवल्या तर ती बोलायचा आळस करतात. कुणी लिहिलंय, कशावरून लिहिलंय, काही बघितलं नाही. भीतीला हवं तेच मी वाचत होते. रोज संध्याकाळी कॉलेजातून आले, की जुईला पुढ्यात घ्यायची, तिची हनुवटी धरून तोंड माझ्या ओठांकडे करायची आणि म्हणायची, आ-ई. पा-णी. आ-ई. पन्नास वेळा, साठ वेळा. जुई थोडा वेळ बघायची, मग मान सोडवायची, मग जमिनीवर डोकं आपटायची. तिला काय हवंय, काय दुखतंय, भूक लागली की झोप, मला काही कळायचं नाही. एकदा आत्या तिला हाताने काहीतरी करून दाखवताना दिसल्या, तेव्हा मी सरळ सांगितलं, "आत्या, घरात हातवारे नकोत."

"बरं," त्या म्हणाल्या.

जुई पावणेतीन वर्षांची असताना, दिवाळीच्या सुट्टीत, टीव्हीच्या कंपनीचा निरोप आला. आमच्याकडे तो रेकॉर्डिंगचा डबा होता. माझा नवरा रणधीर वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीच्या कामाला, चार-चार दिवस वरच राहायचा. क्रिकेटच्या मॅचेस चुकू नयेत म्हणून त्याने हौसेने घेतलेला. आत डिस्क, हवं ते साठवायचं आणि नंतर बघायचं. कंपनी आता हे जुने डबे बंद करणार होती. पंधरा तारखेला माणूस येऊन नवा डबा बसवेल आणि जुना घेऊन जाईल. हातात दहा दिवस होते.

मी सहज यादी उघडून बघितली. रणधीरची एकही मॅच शिल्लक नव्हती. एकाच नावाचे शेहेचाळीस कार्यक्रम ओळीने होते, प्रत्येकी अर्धा तास, सगळे दुपारी अडीचचे. अडीच वाजता मी कॉलेजात असायची. मी पहिला लावला. निळी साडी नेसलेल्या एक बाई समोर बघून हातांनी बोलत होत्या आणि मागून एक पुरुषाचा आवाज समजावून सांगत होता. कर्णबधिर मुलांच्या पालकांसाठी खुणांच्या भाषेचे धडे.

मी बंद केला. आत्या पडवीत लसूण सोलत होत्या. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, की तो कार्यक्रम आता संपलाय, परत लागत नाही, त्यांनी त्या वाहिनीला पत्रसुद्धा घातलं होतं. तो डबा गेला तर धडे गेले. तेव्हा डब्यातून काढून तुझ्या कॉम्प्युटरवर घे.

मी म्हटलं, आत्या, आपलं ठरलंय ना, खुणा नकोत म्हणून.

त्यांनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "पोरगी वळत न्हाई म्हणले तवा तू ऐकलं न्हाईस. त्यावर मी परत कधी बोलले?"

"नाही."

"बोलणार बी न्हाई. पण एवढं कर."

कराडहून आल्यापासून मी ज्याची वाट बघत होते ते बोलणं हे असं आलं. मी डब्याचं काम हातात घेतलं.

बाजारपेठेत मोमीन मामांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. मी आणि आत्या दोघी गेलो. मोमीन मामा म्हणाले, डब्याच्या आतली डिस्क काढून कॉम्प्युटरला लावायच्या फंदात पडू नका. कंपनी त्यावर सगळं कुलूप लावून लिहिते. त्या डब्याला आणि त्या कार्डालाच ते वाचता येतं. मार्ग एकच: डब्यातून टीव्हीवर लावायचं आणि ते चालू असताना पिवळ्या-लाल-पांढऱ्या तीन वायरींतून कॉम्प्युटरमध्ये घ्यायचं. अर्ध्या तासाच्या धड्याला अर्धा तास लागणार. पाणी जसं नळाला येतंय तसंच भरायचं.

"तेवीस तास?" मी विचारलं.

"तेवीस. आणि समोर बसायला लागणार. लाइट गेली, वायर हलली, तर तो धडा पहिल्यापासून." मग ते आत्यांकडे वळले. "नायतर डबा इथं आणून ठेवा, माझ्याकडं मशीन हाय. मी करून देतो की, बाई. माझी दोन्ही पोरं तुमच्या हाताखालनं गेली, मी काय घेणार तुमच्याकडनं?"

"डबा घरातनं हलणार न्हाई," आत्या म्हणाल्या. "हेमा करंल. शिकलेली हाय ती."

मला वाटलं, काय हा हट्ट. मोमीन मामांनी अंगठ्याएवढं एक यंत्र आणि वायरी वापरायला दिल्या. ते पिशवीत टाकून आम्ही घरी आलो आणि मी काय केलं असेल? डबा उघडला. तेवीस तास कोण बसणार! रोज प्रयोगशाळेतल्या बारा कॉम्प्युटरांची देखभाल करणारी बाई मी, डिस्क म्हणजे डिस्क. रणधीरही फोनवर म्हणाला, की अगं, मोठा पेनड्राइव्हच तो, लावून बघ. मी कॉलेजातून केबल आणलेली होती. चार स्क्रू काढले, डिस्क बाहेर घेतली, लॅपटॉपला जोडली.

लॅपटॉपने थोडा विचार केला आणि एक चौकट दाखवली. ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? असल्या चौकटी मी दिवसातून दहा बघते आणि न वाचता 'हो' दाबते. बोट निघालेलंसुद्धा होतं.

"काय इचारतंय ते?" मागून आत्यांचा आवाज आला.

तेव्हा मी वाचलं. "सगळं पुसून टाकू का विचारतंय."

"मग न्हाई म्हण."

मी नाही म्हटलं. डिस्क परत डब्यात बसवली, स्क्रू आवळले, डबा चालू केला. पडद्यावर 'कृपया थांबा' आलं आणि राहिलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आत्या जुईला मांडीवर घेऊन कॉटवर बसल्या होत्या. मी जमिनीवर. दोन वर्षांत आत्यांचं दुसऱ्यांदा ऐकलं नव्हतं, मोमीन मामांचं पहिल्यांदा. वीस मिनिटांनी यादी आली. मी खालून वर मोजली. शेहेचाळीस.

"बस मग आता समोर," आत्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कराडला आत्यांच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होती, आधीच ठरलेली. डाव्यातलं अजून काढायचं बाकी होतं. संध्याकाळी हिरवी पट्टी लावून आल्या, दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि काळा मोठा चष्मा लागला. डॉक्टरांचा कागद त्यांच्याचकडे होता. त्यांनी जाहीर केलं, की टीव्ही बघायचा नाही, डोळ्यावर ताण नको, पंधरा दिवस.

म्हणजे समोर बसणार मी एकटी.

दिवस उरले होते सात. अकरा ते दोन लाइट जायची. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास असं मी गणित बसवलं. डब्यातून एक वायर टीव्हीला, तीन वायरी त्या यंत्रातून लॅपटॉपला. त्या स्वयंपाकघराच्या दारावरून आडव्या गेलेल्या, कारण प्लगच तिकडे. पहिला धडा सुरू केला आणि मोबाइल घेऊन बसले.

आत्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "चाललंय का नीट?"

"चाललंय."

"कशावरनं? तू तर मोबाइल बघतीस."

काळ्या चष्म्यातून, भिंतीकडे तोंड करून हे त्यांना कसं कळलं, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. मी मोबाइल ठेवला.

"आता काय दाखवत्यात?"

"पाणी."

"ते ऐकू आलं मला. तो बाप्या म्हणतोय, हात असा धरा. असा म्हणजे कसा?"

मी तोंडाने सांगायला गेले. अंगठा असा, बोटं अशी. आत्या म्हणाल्या, मला काही समजेना, माझ्या हातात करून दाखव. मी उठून त्यांच्याजवळ गेले, त्यांचा हात घेतला, बोटं मिटवली, अंगठा तोंडाकडे नेला. खरखरीत, लसणाचा वास असलेला हात. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मी तो पहिल्यांदा असा धरला होता.

"असं होय," त्या म्हणाल्या. "बरोबर येतंय म्हणजे. पुढचं बघ."

असं ते चालू झालं. दर मिनिटाला आत्यांचं 'असा म्हणजे कसा'. मी पडद्याकडे बघायची, आधी स्वतःच्या हाताने करायची, मग त्यांच्या हातात. चुकलं तर त्या म्हणायच्या, हे मघाच्यासारखंच लागतंय, नीट बघ. मग मी नीट बघायची. बाप म्हणजे मिशीवरून फिरवलेलं बोट. बाई म्हणजे नाकाच्या बाजूला, चमकीच्या जागी टेकवलेलं बोट. दूध, भात, गरम, दुखतं, नको, अजून. मी वैतागायची. एकदा म्हटलंसुद्धा, की आत्या, तुम्हाला बघताच येत नाही तर मध्ये मध्ये कशाला विचारता, चित्र येतंय एवढं पुरे. त्या म्हणाल्या, बत्तीस वर्षं रजिस्टरं लिहिली, तपासल्याबिगर सही केली नाही.

लाल आणि पांढरी वायर आवाजाची. दुसऱ्या दिवशी ती सैल झाली आणि अख्ख्या धड्याला आवाजच आला नाही. मी कपाळाला हात लावला. आत्या म्हणाल्या, चित्र आहे ना? मग राहू दे, आवाजाचं काय लोणचं घालायचंय आपल्याला. मला हसू आलं. त्या घरात कान या विषयावर हसू येऊ शकतं हे मला माहीत नव्हतं. जुई आमच्या दोघींकडे बघत होती. मग तीही हसली, का ते न कळता.

जुई सगळा वेळ तिथेच असायची. कधी आत्यांच्या मांडीवर, कधी टीव्हीच्या अगदी पुढ्यात. त्या सात दिवसांत मी तिला एकदाही हनुवटी धरून आ-ई शिकवलं नाही. वेळच नव्हता. आणि एक गोष्ट मी बघत होते पण मोजत नव्हते: तिने त्या दिवसांत डोकं आपटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी सतरावा धडा लावला. घरातल्या वस्तू. तेवढ्यात गॅसवरच्या दुधाची आठवण झाली. आत्यांना सांगितलं, पाच मिनिटं लक्ष ठेवा, म्हणजे कान ठेवा, आणि आत गेले. दूध खाली उतरवलं. ओट्याकडे तोंड करून साय काढत होते. मागून कुर्ता ओढला गेला.

जुई होती. मी खाली बघितल्यावर तिने कुर्ता सोडला. दोन पावलं मागे गेली, तिला हात हलवायला जागा हवी होती म्हणून. आणि मग तिने नाकाच्या बाजूला, चमकीच्या जागी बोट लावलं. लगेच पाठ वाकवून मुठीत काठी धरल्यासारखा हात केला. दोन बोटं डोळ्यांपासून पुढे नेली. दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढला.

मी साईचा चमचा धरून उभी होते. आजी. बघते. टीव्ही.

जुईने माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं. मला समजलं की नाही याची तिला खात्री नसावी, कारण इतक्या दिवसांचा तिचा अनुभव तसा होता. मग जे कुठल्याच धड्यात नव्हतं ते तिने केलं. दोन्ही हातांनी नाकावरचा एक चष्मा धरला, नसलेलाच, आणि कपाळावर सरकवला. आणि पुन्हा: बघते. टीव्ही. डोळे एवढे मोठे करून.

माझी लेक मला चहाडी सांगत होती.

मी चमचा ठेवला आणि दाराशी गेले. आत्या भिंतीकडे नव्हे, टीव्हीकडे तोंड करून बसल्या होत्या. काळा चष्मा कपाळावर. ऑपरेशन केलेला डोळा स्वच्छ उघडा. पडद्यावरच्या निळ्या साडीवाल्या बाई जे करत होत्या ते आत्या मांडीवर हातांनी करत होत्या, सराईत, बाईंच्या अर्धा क्षण आधीच. अख्खा धडा पाठ असल्यासारख्या. असल्यासारख्या कसल्या, होताच पाठ.

जुईला आता गंमत वाटायला लागली होती. ती माझ्या बाजूने पळत बाहेर गेली आणि दारातल्या पिवळ्या वायरीला तिचा पाय लागला.

आत्यांनी चष्मा खाली ओढला. उशीर झाला होता.

"काय गं?" त्या म्हणाल्या.

"तुम्ही टीव्ही बघताय."

"कोण म्हणालं?"

"जुई म्हणाली."

ते बोलून गेल्यावर मला ऐकू आलं. 'जुई म्हणाली.' हे दोन शब्द मी एकत्र कधीच वापरले नव्हते. आळीतल्या बायका वापरतात, आमची सई म्हणाली, आमचा ओम म्हणाला, आणि मी तेव्हा पाण्याचा नळ बघायला उठायचे.

आत्यांनी काळा चष्मा पूर्ण काढला, कॉटवर ठेवला. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"काय म्हणाली? जशी म्हणाली तसं कर बघू."

मी दारात उभी राहून केलं. चमकीवर बोट, काठी, डोळे, चौकोन. आणि शेवटी कपाळावर सरकवलेला चष्मा. आत्यांनी सगळं नीट बघून घेतलं, रजिस्टर तपासावं तसं.

"चष्म्याचं तिनं सोतःच्या मनानं केलं?"

"हो."

"मी न्हाई शिकवलं ते," त्या म्हणाल्या. आणि त्यांची मान अशी ताठ झाली, की तशी ती नंतर फक्त जुई दहावीला तालुक्यात पहिली आली तेव्हा मी बघितली. "चहाडखोर झालीया. बापावर गेली."

मग त्यांनी उशीखालून डॉक्टरांचा कागद काढून माझ्यापुढे धरला. मराठीत छापलेला होता, सुवाच्य. डोक्यावरून पाणी घेऊ नये. डोळा चोळू नये. दुसऱ्या दिवसापासून वाचण्यास व टीव्ही पाहण्यास हरकत नाही.

"घरातला कागदाचा कपटासुद्धा वाचल्याबिगर टाकत न्हाईस," आत्या म्हणाल्या. "ह्यो तेवढा मागितला न्हाईस. मला वाटलं दुसऱ्याच दिशी धरली जातेय."

त्या गेले सहा महिने रोज दुपारी जुईला शिकवत होत्या, हे त्यांनी मग सांगितलं. पोरीला दीडशेच्या वर खुणा येत होत्या. ती दिवसभर बोलायची. संध्याकाळी पाचला मी घरी आले, की बोलणं बंद, कारण आईला येत नाही. मोमीन मामांच्या दुकानात धडे दोन दिवसांत उतरले असते, आणि पेनड्राइव्ह कपाटात पडला असता.

"मला सरळ सांगायचं होतंत," मी म्हटलं.

"सांगून तू ऐकतीस?" त्या म्हणाल्या, अजिबात न रागावता.

मी जुईपुढे जमिनीवर बसले. दोन पावलं मागे सरकले, मलाही जागा हवी होती. माझी बोटं तिच्याइतकी लवचीक नव्हती. मी विचारलं, दूध? तिने जरा वेळ माझ्या हातांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग आत्यांकडे, हिला कधीपासून येतं अशा नजरेने. आणि उत्तर दिलं: नको. भात.

म्हणून सतराव्या धड्यात चार मिनिटं चित्र नाही. पिवळी वायर निघाली होती आणि लॅपटॉपकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. निळा पडदा आहे आणि मागे तो माणूस शांतपणे सांगतोय, हात असा धरा. तो धडा पुन्हा घ्यायला वेळ होता. पंधरा तारखेला सकाळी शेहेचाळिसावा संपला आणि दुपारी कंपनीचा माणूस आला, मधल्या दिवसांत सतरावा सहज बसला असता. मी घेतला नाही. आत्यांनीही आठवण केली नाही.

ते धडे आता आमच्याच घरात नाहीत. आत्यांनी अंगणवाडीच्या जुन्या ओळखी काढून कुठल्या वाडीत असं मूल आहे ते शोधलं आणि मी पेनड्राइव्ह भरून दिले. एकोणीस घरं झाली. रणधीरने पठारावरून सुट्टीला येताना तीन-चार वाड्यांत स्वतः नेऊन दिले. अधूनमधून फोन येतो, ताई, सतरावा धडा मध्येच निळा होतो. तीन वर्षांपूर्वी जुईने मोबाइलपुढे बसून ती चार मिनिटं स्वतःच्या हातांनी करून दिली आणि आता सगळ्यांकडे तीच असतात. कपाट, खिडकी, चमचा, आरसा. निळ्या साडीवाल्या बाईंपेक्षा तिचे हात जास्त वेगाने चालतात. चष्मा ही खूण त्या धड्यात नव्हती. तिने ती शेवटी जोडली, कपाळावर सरकवण्यासकट. मी विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, आजीला आवडेल.

माझ्या लॅपटॉपमधल्या धड्यात मात्र निळा पडदाच आहे.

हे लिहिताना आत्या पलीकडे बसून दोन्ही डोळ्यांनी टीव्ही बघतायत. मी काय लिहितेय ते विचारलं. सांगितलं. म्हणाल्या, ते सगळं असू दे, ताटाचं लिही. म्हणून लिहिते.

तुमच्या घरात, शेजारी, खालच्या आळीत वर्ष-दीड वर्षाचं मूल असेल. आज त्याच्याकडे जा. ते खेळात असताना त्याला दिसणार नाही असे मागे उभे राहा आणि ताट वाजवा. पण जमिनीवर टाकू नका. फरशी हादरली की मूल वळतं आणि आईला हवं ते दिसतं. मी तसंच बघितलं होतं. ताट हातात धरा, वर, हवेत, आणि चमच्याने वाजवा. मूल वळलं तर त्याला उचलून घ्या. नाही वळलं, तर थोडं थांबून पुन्हा वाजवा. आणि तरीही नाही वळलं, तर त्याच्या आईला सांगा. ती म्हणेल, प्रत्येक मुलाचा वेग वेगळा असतो. तुम्ही जाऊ नका. तिथेच उभे राहा.